पुढच्या सीझनला बघू

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की आमच्या घरात जकातीचा कागद निघतो. बायकोचे दागिने तोळ्यांत, बँकेतली शिल्लक, भिशीत भरलेले पैसे, लोकांना उसने दिलेले आणि परत येतील अशी आशा असलेले. आशा सोडलेलेही असतात, त्यांची ओळ वेगळी. मग देणी वजा करायची, साडेबावन्न तोळे चांदीचा आजचा भाव बघायचा, आपण निसाबाच्या वर आहोत की खाली ते ठरवायचं आणि वर असलो तर अडीच टक्के काढायचे. अब्बा हे सगळं लाल कापडी बांधणीच्या वहीत करायचे. मी बँकेचं स्टेटमेंट मोबाईलवर उघडून करतो.

या वर्षी स्टेटमेंट खाली सरकवता सरकवता काही बारीक रकमा दिसल्या. चार वेळा ८९, तीन वेळा १७९ आणि एकदा ४४९. एकूण १,३४२ रुपये. मी काही घेतलेलं नव्हतं, बायकोनंही नाही. राहिला आमचा तेरा वर्षांचा चिरंजीव. तरावीहहून आला तसा त्याला समोर बसवलं. फार ताणावं लागलं नाही. मोबाईलवर एक फुटबॉलचा खेळ आहे, त्यात आपण एका संघाचे मॅनेजर. खेळाडू घ्यायला टोकन लागतात, आणि टोकन संपले की खऱ्या पैशांनी विकत मिळतात. माझ्या फोनचा पिन त्याला पाठ होताच.

मी आवाज चढवला. आपल्या घरात पैसा कसा येतो, आजोबांनी लेथवर उभं राहून कसा कमावला, वगैरे जे बाप बोलतात ते सगळं बोललो. तो खाली मान घालून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "अब्बा, तुम बी तो खेलते. तुमच्या टीमकडं नऊ कोटी पडल्यात. आणि टीम किती वर्षं झाली तिथंच हाय."

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं.

खरं आहे. मीही खेळतो, २००६ पासून. हॅटट्रिक नावाचा खेळ, १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला, ब्राउझरमध्ये चालणारा. चित्रं जवळपास नाहीत. सामना म्हणजे नव्वद मिनिटं एकेक ओळ मजकूर येत राहतो, आणि आपण तो वाचत बसायचं. तरीही लोक वर्षानुवर्षं खेळतात. मी डी.एड.ला असताना कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन आठवड्यातून दोनदा बसायचो. एकदा संघ लावायला आणि एकदा निकाल बघायला.

कोल्हापूरच्या पोराला फुटबॉलचं वेड कुठून लागलं हे सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की आमच्या गल्लीतली दुकानं लवकर बंद व्हायची. मला स्वतःला खेळता यायचं नाही, डाव्या पायात चेंडू अडकायचा. पण कोणाला कुठं उभं करायला हवं होतं यावर चहाच्या गाड्यावर मी तासभर बोलू शकायचो. अशा माणसांसाठीच हा खेळ काढला असावा.

खेळ सुरू करताना तुम्हाला एक साधा संघ, बारा हजार प्रेक्षकांचं मैदान आणि थोडी रक्कम मिळते. मग तिकिटं, प्रायोजक यांचे पैसे आठवड्याला येतात आणि खेळाडूंचे पगार, मैदानाची देखभाल, प्रशिक्षक यांत जातात. खेळाडू जगभरच्या बाजारात लिलावानं मिळतात. सीझन सोळा आठवड्यांचा, आणि खेळाडूचं एक वर्षही तेवढंच, म्हणजे ११२ दिवसांचं. सतरा वर्षांचं पोरगं घेतलं तर साधारण चार वर्षांत ते तिशीत पोचतं. पैसे भरून सपोर्टर होता येतं, पण त्यानं संघाला मैदानावर काही फायदा मिळत नाही. खऱ्या खिशातला पैसा तिथं चालत नाही. खेळातला पैसा साठवायचा की खर्चायचा, एवढाच प्रश्न.

माझ्याच आठवड्यात पेठेतल्या एका मित्रानंही संघ घेतला. आम्ही एकाच बाकावर बसणारे, पण पैशाच्या बाबतीत दोन टोकं. त्यानं पहिल्या महिन्यात सगळी रक्कम उडवली. बाजारात तिशी ओलांडलेले मोठे खेळाडू स्वस्त मिळतात, त्यानं ते उचलले. ते स्वस्त का मिळतात हे त्याला नंतर कळलं. त्यांची खरी किंमत लिलावात नसते, दर आठवड्याच्या पगारात असते. विकत घेताना एकदाच दुखतं, पगार दर आठवड्याला दुखतो. त्यात खेळाडू परदेशी असेल तर पगार वीस टक्क्यांनी जास्त. दोन सीझन त्याचा संघ आमच्या भारताच्या लीगमध्ये धडाधड वर गेला. ज्या सीझनला तो वरच्या गटात पहिला आला, त्याचं गुणपत्रक त्यानं कॅफेवाल्याकडून छापून घेतलं आणि खोलीत लावलं. मग त्या खेळाडूंचं वय बोलू लागलं, कौशल्यं उतरू लागली, प्रेक्षक घटले. शिल्लक उणेत गेली, कर्जावर व्याज चढू लागलं, आणि जे खेळाडू त्यानं हौसेनं घेतले ते त्याला मिळेल त्या भावात काढावे लागले. त्याचा संघ शेवटी बुडाला. बुडाला म्हणजे अक्षरशः, खेळानंच तो काढून घेतला.

मी त्याच्याकडे बघून शहाणा झालो. निदान मला तसं वाटलं.

माझ्याकडे एक मिडफिल्डर होता. सतराव्या वर्षी घेतलेला, मी स्वतः घडवलेला. प्रशिक्षणात एका वेळी एकच कौशल्य शिकवता येतं, त्यामुळे सात-आठ सीझन मी सगळं त्या पोराभोवती आखलं. तो इतका चांगला झाला की वरच्या गटातले लोक निरोप पाठवून विचारायचे, विकतोस का? त्याच्या दोन्ही बाजूंना दोन विंगर आणि मागं एक भक्कम बचावपटू एवढं मिळालं असतं तर आम्ही सहज वर गेलो असतो. पैसे होते. पण दर वेळी मी लिलाव उघडायचो, आकडा बघायचो आणि बंद करायचो. जास्त आहे, थांबू, भाव उतरेल. आणि गंमत म्हणजे भाव खरंच उतरायचे! ज्याला मी साठ लाखांना सोडलं, तसाच खेळाडू पुढच्या वर्षी पंचेचाळीसला दिसायचा. मला वाटायचं, बघा, थांबलो म्हणून पंधरा लाख वाचले. मग पंचेचाळीसलाही घ्यायचो नाही, कारण आता चाळीसला मिळेल.

माझा मिडफिल्डर एकतीस वर्षांचा झाला तेव्हा २०११ साल होतं. एके आठवड्यात त्याचं कौशल्य एक पायरी खाली आलं. पुढं आणखी एक. मी त्याला विकला तेव्हा जी रक्कम आली ती लिहायला लाज वाटते. शिल्लक मात्र वाढली, त्या आठवड्यापुरती.

मित्र आजही भेटला की त्या एका सीझनबद्दल बोलतो. कोणत्या सामन्यात कोणी गोल केला हे त्याला पाठ आहे. माझ्याकडे अठरा-एकोणीस वर्षं न बुडालेला संघ आहे आणि सांगायला एकही सामना नाही.

खऱ्या फुटबॉलमध्येही ही दोन्ही माणसं आहेत. इंग्लंडच्या लीड्स युनायटेडनं पुढच्या वर्षांच्या कमाईवर आधीच कर्ज काढून संघ बांधला, २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. २००७ मध्ये तर तिसऱ्या पातळीवर. दुसरीकडे आर्सेनल. २००६ मध्ये नव्या स्टेडियममध्ये गेले, त्याचं कर्ज फेडायचं होतं. अर्थशास्त्राची पदवी असलेला आर्सेन वेंगर हिशेब सांभाळत, चांगले खेळाडू विकत, दर वर्षी संघ वरच्या चारांत ठेवत राहिला. २००५ नंतर करंडक आला तो थेट २०१४ मध्ये. मी अर्थातच आर्सेनलवाला. पण आर्सेनल स्टेडियमसाठी थांबला होता. त्याच्या थांबण्याला नाव होतं. माझे नऊ कोटी कशासाठी होते, हे पोरानं विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

हे थांबणं मी कुठून शिकलो ते मला माहीत आहे.

अब्बा उद्यमनगरात लेथवर होते. पगार आठवड्याला. शनिवारी घरी आले की आधी पैशांचे भाग पडायचे: किराणा, भाडं, भिशी, आणि पत्र्याच्या ट्रंकेतला डबा. त्या डब्याचं नाव हज. आम्ही भावंडं त्याला हात लावत नव्हतो, अम्मीही नाही. तो भरला की बँकेत जायचा आणि पुन्हा रिकामा ट्रंकेत यायचा. एका वर्षी कारखान्याला कुलूप लागलं आणि आठ महिने अब्बांना काम नव्हतं. आमची फी थांबली नाही, चूल थांबली नाही. गल्लीत दोन घरांनी दागिने गहाण टाकले, आमच्याकडे ती वेळ आली नाही. त्यामुळे साठवणाऱ्या माणसाची कुणी टिंगल केली की मला राग येतो. आम्ही त्या डब्यावर जगलोय.

पुढं अब्बांना काम मिळालं, डबा पुन्हा भरू लागला. २००३ च्या सुमारास दोघांच्या हजपुरते पैसे जमले होते. अम्मी तेव्हा पन्नाशीला नुकती टेकलेली, तिसऱ्या मजल्यावर पाण्याची कळशी घेऊन चढणारी. पण अब्बा म्हणाले, आधी स्लॅब टाकून घेऊ. स्लॅब झाला. मग पुन्हा जमले. म्हणाले, पोरीचं लग्न होऊ दे. आपाचं लग्न झालं. पुन्हा जमले. मग म्हणाले, परत आल्यावर हातात काहीतरी राहायला पाहिजे. तेवढं जमलं की तो आकडा त्यांना अपुरा वाटायचा. फॉर्म भरला असता तर कुऱ्यात नंबर लागला असता की नाही हे अल्लाह जाणे, पण अकरा वर्षांत फॉर्मच भरला गेला नाही.

ते गेले २०१४ मध्ये. तोवर अम्मीचे गुडघे गेले होते. तवाफही चाकाच्या खुर्चीवर, सफा-मरवाचे सात फेरेही खुर्चीवर. अब्बांना ती खुर्ची ढकलणं जमेना, पैसे देऊन माणूस लावला. परत आल्यावर मोहल्ल्यातल्या बायका जमजम आणि खजूर घ्यायला आल्या, अम्मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होती. कुणीतरी विचारलं, काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा कसं वाटलं? ती म्हणाली, "दिसा की. लोगां की कमरां के बीच में से दिसा."

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. सगळ्या हसल्या, तीही हसली. अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते. ते उठून बाहेर गेले, आणि इशाची नमाज झाल्यावरच परतले. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. मीही हे पहिल्यांदाच लिहितोय.

तर त्या रात्री पोरगा समोर, फोन समोर, जकातीचा कागद समोर. आधी त्याच्या खेळाकडे वळलो, कारण तो जास्त सोपा. त्याला म्हटलं, दाखव. त्यानं दाखवलं. पडद्यावर एक घड्याळ उलटं चालत होतं: हा पॅक आणखी एवढेच तास. पॅकमध्ये कोण निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. ४४९ रुपयांत त्याला जो हवा होता तो निघाला नव्हता, म्हणून पुन्हा ८९, पुन्हा १७९. मी त्याला बेल्जियमचं सांगितलं. तिथल्या जुगार आयोगानं २०१८ मध्ये ठरवलं की पैसे देऊन उघडायचे असे बंद डबे हा जुगारच आहे, आणि त्यानंतर २०१९ च्या सुरुवातीला फिफा खेळाच्या कंपनीनं तिथं त्यासाठीचे पॉइंट विकणं थांबवलं. आपल्याकडे जुगार का मना आहे हे त्याला मदरशात शिकवलंय, पण तिथल्या उदाहरणात उंट आणि बाण असतात, हिरवं बटण नसतं. तो लक्ष देऊन ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे ह्यात साठवायचं की खर्चायचं हे मी ठरवतच नव्हतो. घड्याळ ठरवत होतं."

इथवर बाप जिंकत होता. मग त्यानं माझा संघ उघडला, शिल्लक बघितली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अब्बा, ह्यावर जकात किती बसती?"

नऊ कोटींचे अडीच टक्के, साडेबावीस लाख. मी तोंडीच सांगितलं आणि मग दोघंही हसलो. पण जकातीचं गणित मला त्या क्षणी वेगळं दिसलं. गरिबाचा हक्क तर त्यात आहेच. शिवाय पैसा वर्षभर नुसता पडून राहिला तरी तो दर वर्षी थोडा झिजतो. त्याला कामाला लावा, नाहीतर तो बसल्या जागी कमी होईल. मी एवढी वर्षं तो कागद भरतोय आणि त्याकडे फक्त देण्याच्या बाजूनं बघत होतो.

कागदावर बँकेच्या शिल्लकीची ओळ होती. त्या शिल्लकीतला एक भाग मी मनात चार वर्षांपासून बाजूला ठेवलाय. बायकोचं बी.एड. लग्नाआधी तिचं बी.ए. झालं होतं, पुढं मुलगा, अम्मीचे गुडघे, अब्बांचा मोतीबिंदू. चार वर्षांपूर्वी ती म्हणाली, आता करते. मी म्हटलं, करूया, पुढच्या वर्षी. एका वर्षी फी जास्त वाटली, एका वर्षी कोर्स लांब वाटला. बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं, आता दोन वर्षांचं आहे. ती छत्तीस वर्षांची आहे. शिक्षकाच्या नोकरीला वयाची अट असते, आणि ती अट भाव उतरण्याची वाट बघत नाही.

मी आत गेलो. ती सहरीसाठी कणीक मळत होती. म्हटलं, सीईटीचा फॉर्म अजून भरता येतो का बघू.

"भरी," ती म्हणाली. "आठ दिन हुए. भिशीके पैशात. तुमको पुछती बैठी असती तो पोराच्या लग्नातच परीक्षा दी असती."

यावर काय बोलणार? मी पुन्हा बाहेर येऊन बसलो. कागदावर भिशीची रक्कम दुरुस्त केली.

१,३४२ रुपये ईदीतून वळते होतील असं पोराशी ठरलं. तो खेळ त्यानं स्वतः काढून टाकला, पिन मी बदलला. त्याच्या बदल्यात त्यानं एक मागितलं: माझ्या संघासाठी एक खेळाडू तो निवडणार. तीन रात्री तो बाजार धुंडाळत होता. शेवटी त्यानं एकोणीस वर्षांचा एक फिनलंडचा विंगर काढला. मी विचारलं, पगार बघितलास? नव्हता बघितला. त्याला सोळा आठवड्यांचा पगार लावायला सांगितलं, परदेशी म्हणून वीस टक्के धरून. त्यानं वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला आणि बोलीची वरची मर्यादा लिहून ठेवली. मग म्हणाला, आता तुमचं सांगा. किती सीझन वापरणार ह्याला, आणि कशासाठी? मी म्हटलं, तीन सीझन. वरच्या गटात जायला. त्यानं तेही लिहून घेतलं, तारखेसकट.

लिलाव सहरीच्या वेळेला संपत होता. शेवटच्या मिनिटाला बोली लागली की मुदत तीन मिनिटांनी वाढते. पोलंडचा कोणीतरी आमच्या मागं लागला होता. एकदा वाढली, दोनदा वाढली, चौथ्यांदा वाढली तेव्हा आम्ही वहीतल्या आकड्यापासून दोन लाख खाली होतो. माझा हात नेहमीसारखा मागं आला. पोरानं माझ्याकडे बघितलं नाही, वहीकडे बोट दाखवलं. मी बोली टाकली. तीन मिनिटं कोणी आलं नाही.

पोरगा ओरडला. अब्बा आतल्या खोलीतून काठी टेकत आले. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं, पण पैशांचा शब्द बरोबर ऐकू येतो.

"कितने को लिया?"

पोरानं आकडा सांगितला. हे खेळातले पैसे आहेत, खरे नाहीत, हेही सांगितलं. अब्बांनी क्षणभर विचार केला.

"महंगा पड्या," म्हणाले, आणि दस्तरखानावर बसले. अम्मीनं त्यांच्यापुढं दूध सरकवलं. अजानला अजून सात मिनिटं होती.